झोपडीला कुदळ, माडीला माफी

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण पडली तेव्हां नगरपरिषदेंत बांधकाम विभाग नव्हता. असता, तर म्हण करणारानें लग्नाची गोष्ट सोडून दिली असती आणि घराच्या जोडीला नकाशाची मंजुरी बसविली असती. लग्न कसेंहि पार पडतें. पण नकाशाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातां जातां घर बांधणाराचे केस पिकतात.

गेल्या पंधरवड्यांत आमच्या जिल्ह्यांतील एक गवंडी हातांत नोटीस घेऊन आमच्याकडे आला. पंचवीस-तीस वर्षें त्यानें लोकांचीं घरें बांधलीं आणि आतां उतारवयांत स्वतःसाठीं दोन खोल्या उभ्या केल्या. वर टिनाचें छप्पर, पुढें हातभर ओटा. नोटिशींत लिहिलें होतें कीं, हें बांधकाम अनधिकृत आहे, तें मुदतींत काढून न घेतल्यास पाडण्यांत येईल व पाडण्याचा खर्च वसूल करण्यांत येईल. त्यानें आम्हांस एकच प्रश्न विचारला. “भाऊ, मी ज्या तीन मजली इमारतीवर परांचीवर उभं राहून इटा लावल्या, तिच्या मालकानं गाड्या ठेवाची जागा बंद करून दुकानं काढली. त्याले काऊन नोटीस नाई?” आमच्याजवळ याचें उत्तर नव्हतें. म्हणून तो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें आणि ज्यांनीं उत्तर द्यावयाचें त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. नियम नसावेत असें आमचें म्हणणें नाहीं. घराभोंवतीं मोकळी जागा सोडावी, जिना रुंद असावा, सांडपाण्याची वाट ठरलेली असावी, पाया वरच्या भाराला पुरेसा असावा, हे नियम कोणा साहेबाच्या लहरींतून निघालेले नाहींत. ते पडलेल्या घरांच्या आणि मेलेल्या माणसांच्या अनुभवांतून निघाले आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याजवळ शीळ-डायघर येथें परवानगीवांचून घाईघाईनें उभारलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. मेलेल्यांत बांधकामावरचे मजूर आणि त्यांचीं मुलेंबाळें होतीं. नियम मोडून पैसा मिळविला एकानें आणि ढिगाऱ्याखालीं गाडला गेला दुसराच. तेव्हां बांधकामाचे नियम पाळले जाण्यांत सर्वांत मोठें हित गरिबाचेंच आहे. आमची तक्रार नियमाविरुद्ध नाहीं, त्याच्या मापाविरुद्ध आहे. दुकानदाराचें घेण्याचें माप एक आणि देण्याचें दुसरें असें आढळलें तर आपण बाजारांत ओरड करतों. मग कचेरींत झोपडीचें माप एक आणि माडीचें दुसरें असेल तर आपण गप्प कां बसावें?

वर्धा शहराची गोष्टच पहा. हें कांहीं आपोआप वाढलेलें जुनें गांव नव्हे. १८६२ सालीं हा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं सरकारनें हें जिल्ह्याचें ठिकाण आंखून वसविलें. १८७४ सालीं येथें म्युनिसिपालिटी आली. पुढें मध्यप्रांताचा १९२२ चा म्युनिसिपल कायदा लागू झाला. महाराष्ट्रांत आल्यावर १९६५ चा नगरपरिषद कायदा आला. आणि त्याच्या मागोमाग १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. म्हणजे नियमांचा दुष्काळ या शहराला कधींच नव्हता.

तरीहि झालें काय? खानेसुमारीप्रमाणें वर्धा शहराची लोकसंख्या २००१ सालीं एक लाख अकरा हजारांच्या घरांत होती. २०११ सालीं ती एक लाख सहा हजारांच्या घरांत आली. वर्ध्याचीं माणसें कोठें पळून गेलीं काय? मुळींच नाहीं. तीं शहराची हद्द ओलांडून पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगांव या मेघे गांवांत आणि नालवाडी, म्हसाळा, साटोडा यांच्या शिवारांत राहावयास गेलीं. शहरांतील जागेचा भाव परवडेना, म्हणून मास्तर, शिपाई, हमाल, गवंडी, खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठीं आलेला शेतकरी, हे सारे हद्दीबाहेर सरकले. वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, असा हा विचित्र संसार कित्येक वर्षें चालला आहे.

अशा ठिकाणीं ‘ले-आऊट’ कसा पडतो तें आमच्या वाचकांना सांगावयास नको. शेताच्या बांधावर एक फलक लागतो, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात आणि कालचें तुरीचें रान आज अमुक नगर होतें. सातबाऱ्यावर अजून शेतच असतें. अकृषक परवाना नसतो, अभिन्यास मंजूर नसतो, रस्ते व मैदान कागदावरहि नसतात. सौदा स्टँपाच्या कागदावर होतो. घेणारा आयुष्याची पुंजी ओततो आणि घर बांधतो. पुढें ग्रामपंचायत नमुना आठमध्यें नोंद घेते, कर घेते. विजेचें मीटर बसतें. मतदारयादींत नांव चढतें. उमेदवार त्याच घराच्या ओट्यावर चहा पितो. इतकें सगळें झाल्यावर दहा वर्षांनीं कोणाला तरी आठवण होते कीं, हें घर अनधिकृत आहे!

येथें कायदा काय म्हणतो तें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. कराची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, आणि नमुना आठचा उतारा म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे. गांवठाणांत ग्रामपंचायतीची आणि गांवठाणाबाहेर जिल्हाधिकारी व नगररचना खात्याची परवानगी लागते. हें सारें खरें. पण आम्ही विचारतों कीं, हें सत्य घर घेणाराला आधीं कां सांगितलें नाहीं? चुन्याच्या रेघा पडल्या त्या दिवशीं पटवारी गांवांत नव्हता काय? फलक लागला तो रस्त्यावरून जाणाऱ्या एकाहि अधिकाऱ्याला वाचतां आला नाहीं काय? ज्यानें शेताचे तुकडे करून विकले तो पैसे घेऊन मोकळा होतो, ज्यानें डोळे मिटले त्याची बदली होते, आणि नोटीस येते ती ज्यानें विश्वास ठेवला त्याच्या दारावर. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

शहराच्या आंतली तऱ्हा निराळी नाहीं. वर्धा, हिंगणघाट, आर्वी या गांवांत नझूलच्या जागा आहेत. कागद जपणारांनीं आणि कचेरीची पायरी माहीत असणारांनीं पट्टे घेतले, वेळोवेळीं नूतन करून घेतले, आखीव पत्रिकेवर नांवें चढविलीं. राज्य सरकारनें नागपूर व अमरावती विभागांतील असे पट्टेदार पूर्ण मालक व्हावेत म्हणून सवलतीची योजनाहि काढली. ठीक आहे. पण त्याच सरकारी जमिनीवर नाल्याकडेला दोन पिढ्या राहिलेल्या मजुराच्या हातीं कागद नाहीं, म्हणून तो अतिक्रमणवाला. नागरी भागांतील सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीं राहावयास आलेल्यांना पट्टे देण्याचा निर्णय सरकारनें १७ नोव्हेंबर २०१८ रोजीं केला. निर्णय चांगला; पण निर्णय झाला म्हणजे पट्टा हातीं पडला असें नाहीं. मोजणी व्हावी लागते, यादी व्हावी लागते, समितीपुढें प्रकरण जावें लागतें. तोंवर पट्टा नाहीं म्हणून घरकुलाचें अनुदान नाहीं; अनुदान नाहीं म्हणून पक्कें घर नाहीं; आणि पक्कें घर नाहीं म्हणून तें पाडावयास सोपें! हें चक्र फिरविणारा हात कोणाचाच नसतो, पण त्यांत सांपडणारा माणूस नेहमीं तोच असतो.

आमच्याच तालुक्यांत सेवाग्राम आहे. तें शेगांव होतें तेव्हां, १९३६ सालीं, गांधीजी तेथें राहावयास गेले. माती, बांबू, लांकूड आणि कवेलू अशा जवळपास मिळणाऱ्या सामानाची कुटी तेथील कारागिरांनीं त्यांच्यासाठीं उभी केली. आज देशोदेशींचे पाहुणे ती पहावयास येतात आणि दाराशीं जोडे काढतात. मातीच्या भिंतीची एवढी थोरवी जेथें गायिली जाते, त्याच तालुक्यांत मजुराची मातीची भिंत कागदावर ‘कच्चें अतिक्रमण’ ठरते. भिंत तीच, कवेलू तेच. फरक आंत राहणाऱ्या माणसाच्या वजनाचा.

आतां माफीचा हिशेब पहा. २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतचीं बांधकामें नियमित करण्याचें ठरलें. वीस वर्षांनीं, २०२१ सालीं, तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें सरकली. मध्यंतरीं २०१७ सालीं नगररचना कायद्यांत नवें कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना दंड घेऊन अभय देण्याची सोय केली. या कायद्यांनीं कित्येक गरीब कुटुंबांचीं घरें वांचलीं हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शेवटची तारीख जर दर कांहीं वर्षांनीं पुढें जात असेल, तर ती तारीख नव्हे, आठवड्याचा बाजार आहे. या खेपेस चुकला तर पुढच्या खेपेस या. याचा धडा काय? नियमानें जाणारा मूर्ख आणि वाट पहाणारा शहाणा. शिवाय माफीचा दरवाजा सर्वांना उघडा असला तरी उंबरठा उंच असतो. नकाशा काढणाराची फी, विकास आकार, प्रशमन शुल्क, मोजणी, खेपा. माडीवाल्याचा माणूस हें सारें एका दुपारीं आटोपतो. गवंड्याला त्यासाठीं महिनाभराची मजुरी बुडवावी लागते.

मोठ्यांच्या इमारतींचें आयुष्य किती दांडगें असतें याचा मासला मुंबईंत आहे. कुलाब्याची ३१ मजली ‘आदर्श’ इमारत पाडून टाका असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिल २०१६ मध्यें दिला. सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं पाडकाम थांबविलें. इमारत उभीच राहिली. याउलट नालासोपाऱ्यांत सांडपाणी व कचरा प्रकल्पांसाठीं राखलेल्या जमिनीवर भूमाफियांनीं ४१ इमारती बांधून विकल्या; उच्च न्यायालयाच्या हुकमानें त्या २०२५ सालाच्या आरंभीं पाडल्या गेल्या आणि त्यांत खोल्या घेतलेलीं दोन हजारांहून अधिक कुटुंबें उघड्यावर आलीं. त्या इमारती पाडल्या म्हणून आम्ही न्यायालयाला दोष देत नाहीं. एकेचाळीस इमारती कांहीं एका रात्रींत पाताळांतून वर आल्या नव्हत्या. त्या वर येत असतांना जे पहात राहिले त्यांना दोष देतों.

या बाबतींत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आमच्या प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवावेत. पहिला १३ नोव्हेंबर २०२४ चा. अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनीं सांगितलें कीं, कोणाचेंहि घर पाडण्यापूर्वीं निदान १५ दिवसांची, आणि स्थानिक कायद्यांत जास्त मुदत असेल तर तितकी, नोटीस द्यावी. ती रजिस्टर टपालानें पाठवावी व घरावर चिकटवावी. घरवाल्याचें म्हणणें प्रत्यक्ष ऐकावें, कारणांसह लेखी हुकूम करावा, हुकमानंतर आणखी १५ दिवस थांबावें, आणि पाडकामाचें चित्रीकरण करावें. हें न पाळल्यास भरपाई अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशांतून वसूल व्हावी. मात्र रस्ता, पदपथ, नदी-नाला, रेल्वेची हद्द अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामाला आणि न्यायालयानेंच पाडावयास सांगितलेल्या बांधकामाला हें संरक्षण नाहीं. दुसरा निर्णय १७ डिसेंबर २०२४ चा, मेरठच्या प्रकरणांतला. त्यांत न्यायालयानें बजावलें कीं, अधिकाऱ्यांनीं वेळेवर कारवाई केली नाहीं किंवा बांधकामांत पुष्कळ पैसा ओतला गेला, एवढ्यावरून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाहीं. पहिला निर्णय झोपडीवाल्याच्या उपयोगाचा आहे आणि दुसरा माडीवाल्यानें वाचण्यासारखा आहे. पण दोन्ही निर्णय दोघांनाहि सारखेच लागू आहेत, आणि आमचें सारें म्हणणें यांत आलें.

आणि तरीहि काय घडलें पहा. पहिल्या निर्णयाला पुरते पांच महिने झाले नव्हते, तोंच आमच्या शेजारीं नागपुरांत, २४ मार्च २०२५ रोजीं, दंगलींतील एका आरोपीच्या कुटुंबाचें घर महानगरपालिकेनें पाडलें. त्याच दिवशीं नागपूर खंडपीठानें या कारवाईला स्थगिती दिली. पण तोंपर्यंत घर उरलें नव्हतें. पुढें आयुक्तांनीं न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली आणि सांगितलें कीं, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आमच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हता! वाचकहो, हें वाक्य पुन्हां वाचा. गवंडी म्हणाला कीं मला नियम ठाऊक नव्हता, तर त्याला उत्तर मिळतें कीं कायद्याचें अज्ञान ही सबब होऊं शकत नाहीं. ज्यांच्या मेजावर कायद्याचीं पुस्तकें आहेत आणि पदरीं वकील आहेत, त्यांचें अज्ञान मात्र सबब होऊं शकतें.

लोकांच्या प्रतिनिधींकडे वळूं. नगरपरिषद कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणें जो नगरसेवक स्वतः, पति-पत्नीच्या किंवा अवलंबितांच्या हातून अनधिकृत बांधकाम करील, अथवा तें पाडणाऱ्या अधिकाऱ्याला अडवील, त्याचें पद जाऊं शकतें. ग्रामपंचायतीच्या कायद्यांतहि सरकारी जागेवरील अतिक्रमणासाठीं असेंच कलम आहे. वाशीम जिल्ह्यांतील एका ग्रामपंचायत सदस्याच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें कीं, अतिक्रमण कुटुंबांतील दुसऱ्यानें केलेलें असलें तरी त्याच घरांत राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्य अपात्रच होय. खेड्यांतल्या सदस्याला हा न्याय, तर शहरांतल्या मेंबराला कोणता? आमच्या नगरपरिषदांची मुदत संपल्यावर सुमारें चार वर्षें प्रशासकांचें राज्य होतें. डिसेंबर २०२५ मध्यें निवडणुका झाल्या. निवडून आलेल्यांनीं पहिल्याच सभेंत आपापल्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मेजावर ठेवावें, एवढी साधी मागणी मतदारानें केली तर ती अवास्तव होईल काय?

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली: प्रत्येक नगरपरिषदेनें व ग्रामपंचायतीनें आपल्या हद्दींतील अनधिकृत बांधकामांची यादी फलकावर लावावी, बांधकाम किती चौरस फुटांचें, नोटीस केव्हां दिली आणि पुढें काय झालें, हें त्यांत असावें. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालीं झाला. कचेरीनें आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी असें त्यांतच सांगितलें आहे. दुसरी: कारवाई धोकादायक आणि मोठ्या इमारतींपासून सुरू व्हावी. तिसरी: मंजुरीवांचून पडणाऱ्या ले-आऊटचा फलक लागेल त्याच आठवड्यांत तेथें सरकारी फलक लागावा कीं, येथें भूखंड घेऊं नये, म्हणजे गरिबाची पुंजी बुडण्यापूर्वीं वांचेल. चौथी: पट्ट्याची प्रकरणें मुदत ठरवून निकालांत काढावीं, आणि प्रकरण पडून असेपर्यंत त्या घराला हात लावूं नये.

आणखी एक गोष्ट लोकांपर्यंत पोंचावयास हवी. डिसेंबर २०२० पासून राज्यांत जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली तिच्याप्रमाणें १५० चौरस मीटर, म्हणजे सुमारें सोळाशें चौरस फूट, पर्यंतच्या भूखंडावर लहान घर बांधणाराला परवानगीसाठीं वाट पहात बसावें लागत नाहीं. परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा व मालकीचे कागद देऊन शुल्क भरलें कीं त्याची पोंच हीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत मंजुरी द्यावयाची आहे. मात्र भूखंड मुळांत कायदेशीर पाहिजे. ही सवलत किती मजुरांना ठाऊक आहे? ती दवंडी पिटून सांगण्याऐवजीं दलालांच्या खिशांत राहिली, तर सवलतीचाहि भाव ठरतो.

आतां दोन शब्द आपल्याच लोकांना. भावांनो, स्वस्त मिळतो म्हणून स्टँपावर भूखंड घेऊं नका. सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर अभिन्यासाची नक्कल, शहरांत असेल तर आखीव पत्रिका, हे कागद डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय इसाराचा रुपया देऊं नका. स्वतःला वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्या. तिला शिकविली ती एवढ्यासाठींच. नाल्यांत घर बांधूं नका. पुराला नोटीस द्यावी लागत नाहीं. आणि नोटीस आली तर ती कोनाड्यांत ठेवूं नका, कोणाच्या हातीं पाकीटहि देऊं नका. मुदतींत लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा, पोंच घ्या. अंगठा उमटवून आपण फार गमावलें. आतां सही करून मागावें.

त्या गवंड्याला आम्ही लेखी उत्तर तयार करून दिलें आणि सुनावणी मागावयास सांगितलें. त्याचें घर राहील कीं जाईल हें आम्ही सांगूं शकत नाहीं. भूखंडाचे कागद अर्धवट आहेत आणि त्याच्या बाजूनें खोटें लिहिणें आमच्यानें होणार नाहीं. जातांना तो दाराशीं थांबला आणि म्हणाला, “घर पाडाचं असलं का आमी वरून सुरुवात करतो. आधी छप्पर, मंग भिंत, मंग पाया. खालून पाडाले गेलं तर सारं आपल्याच अंगावर येते.” आयुष्यभर करणी हातांत धरलेल्या माणसाचा हा अनुभव आहे. जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनीं तो ऐकावा आणि कुदळ उचलावयाचीच असेल तर वरच्या मजल्यापासून उचलावी.